नागपूरच्या अधिवेशनात मंत्र्यांना प्रश्न विचारताना : कागद जमवण्यापासून आश्वासनाच्या पाठपुराव्यापर्यंत

हिवाळी अधिवेशनाचा पहिला दिवस उजाडला की सिव्हिल लाइन्समधील आमदार निवासात विदर्भभरातून माणसे येऊ लागतात. कोणाच्या हातात निवेदन असते, कोणाच्या हातात बातम्यांची कात्रणे असतात, आणि बहुतेकांची मागणी एकच असते : “आमचा तारांकित प्रश्न लावा.” तारांकित म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न. अडचण अशी की तारांकित प्रश्नांच्या सूचना, म्हणजे प्रश्न विचारण्याच्या लेखी नोटिसा, देण्याची मुदत त्याच्या कितीतरी आठवडे आधी संपलेली असते. गडचिरोलीहून वा बुलढाण्याहून रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसाला हे सांगताना आजही मला वाईट वाटते, कारण त्याचा विषय खरा असतो आणि चुकलेली असते ती केवळ वेळ.

आमदारांच्या कार्यालयांसाठी प्रश्नांचे मसुदे तयार करताना त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा दिसल्या, म्हणून हा लेख लिहिला आहे. प्रथमच निवडून आलेले सदस्य, त्यांचे स्वीय सहायक आणि आमदारांकडे विषय घेऊन जाणाऱ्या संस्था व शेतकरी संघटना या तिघांना तो उपयोगी पडावा. पायऱ्यांचा क्रम मात्र बदलू नये. मसुदा आधी लिहून कागद नंतर शोधणाऱ्यांचे प्रश्न एक तर नाकारले जातात, नाही तर दोन ओळींच्या उत्तरात संपतात.

## टप्पा १ : विषय पुरेसा नाही, तपासता येणारी बाब निवडा

“संत्रा उत्पादकांचे प्रश्न” हा विषय झाला. “अमुक तालुक्यात अमुक महिन्यात झालेल्या फळगळीचे पंचनामे झाले, पण मदत अदा झाली नाही” ही बाब झाली. मंत्री विषयावर भाषण करू शकतात, बाबीवर मात्र त्यांना उत्तर द्यावे लागते. म्हणून आपल्याकडे आलेल्या प्रत्येक निवेदनातून एकच वाक्य काढण्याची सवय ठेवावी : कोणी, कुठे, केव्हा, काय करायला हवे होते आणि ते झाले नाही. असे वाक्य तयार होत नसेल, तर तो प्रश्न अजून पिकलेला नाही असे समजावे आणि निवेदन देणाऱ्याला आणखी माहिती आणायला सांगावी. त्याला आज थोडे वाईट वाटेल, पण विषय वाया जाणार नाही.

आमदार अनेक खात्यांचे प्रश्न विचारतात आणि ते योग्यच आहे, कारण मतदारसंघातील माणसाचे जगणे खात्यांमध्ये वाटलेले नसते. तरीही आरोग्य, सिंचन, शाळा आणि वन्यप्राणी या चारही गोष्टी एकाच सूचनेत कोंबण्याचा मोह टाळावा. प्रत्येक बाबीची स्वतंत्र सूचना द्यावी.

तपासणी : आपले वाक्य तहसीलदाराला वाचून दाखवले, तर त्याला नेमकी कोणती फाइल काढायची हे कळेल का? कळत नसेल, तर वाक्य पुन्हा लिहावे.

## टप्पा २ : कागद जमवा, आणि दिवाळीच्या आधीच जमवा

डिसेंबरच्या अधिवेशनाची तयारी गणपतीनंतर लगेच सुरू व्हायला हवी. माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ नुसार जन माहिती अधिकाऱ्याला उत्तर देण्यासाठी ३० दिवस मिळतात. उत्तर आले नाही किंवा अपुरे आले, तर पहिल्या अपिलाच्या निर्णयासाठी आणखी ३० दिवस, आणि कारणे नोंदवून ४५ दिवसांपर्यंत वेळ जाऊ शकतो. नोव्हेंबरात केलेला अर्ज म्हणूनच या अधिवेशनाच्या कामी येत नाही. तो पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी ठेवावा लागतो.

माहिती अधिकारावर सर्व भिस्त ठेवण्याचेही कारण नाही. शासन निर्णय राज्य शासनाच्या संकेतस्थळावर सांकेतांकासह उपलब्ध असतात. योजना कोणत्या तारखेला मंजूर झाली, निधी कोणत्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे अर्थसंकल्पातील कोणत्या खर्चाच्या खात्यात, आहे आणि अंमलबजावणीची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्यावर टाकली आहे, या तिन्ही गोष्टी बहुधा तिथेच सापडतात. नियंत्रक व महालेखापरीक्षकांचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवले जातात, आणि त्यांतील परिच्छेदाचा आधार घेतलेला प्रश्न खात्याला सहज उडवून लावता येत नाही. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर सभागृहांची जुनी कार्यवाहीही पाहता येते. त्याच बाबीवर आधी प्रश्न विचारला गेला होता का आणि तेव्हाच्या मंत्र्यांनी काय सांगितले होते, हे शोधण्यात घालवलेली एक दुपार मला नेहमी सर्वांत फलदायी वाटत आली आहे. तीन वर्षांपूर्वी “सहा महिन्यांत काम पूर्ण होईल” असे सभागृहात सांगितले गेले असेल, तर आपला अर्धा प्रश्न तिथेच तयार झालेला असतो.

वृत्तपत्रातील कात्रण हे सुरुवातीसाठी ठीक आहे, पण पुरावा म्हणून एकटे पुरत नाही. बातमीतील आकडा चुकीचा निघाला, तर मंत्री फक्त तो आकडा नाकारतात आणि मूळ बाब बाजूला पडते.

सावधान : निवेदन देणाऱ्या व्यक्तीचा त्या बाबीत काही आर्थिक हितसंबंध आहे का, हे याच टप्प्यावर स्पष्ट विचारून घ्यावे. निविदा न मिळालेला कंत्राटदार किंवा बदलीवर नाराज कर्मचारी यांच्या तक्रारीतही तथ्य असू शकते, परंतु ते आपण स्वतंत्रपणे तपासलेले असले पाहिजे. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याच्या प्रकरणात संसदेच्या दोन्ही सभागृहांतील मिळून ११ सदस्यांचे सदस्यत्व रद्द झाले होते. स्वीय सहायकाच्या परस्पर व्यवहारातूनही सदस्याची मान खाली जाऊ शकते, हे विसरू नये.

## टप्पा ३ : खाते नेमके ओळखा

सर्वाधिक प्रश्न इथेच चुकतात, आणि नागपूरसारख्या शहरात तर हमखास चुकतात, कारण इथे एकाच रस्त्यावर चार यंत्रणा भेटतात.

मेडिकल आणि मेयो, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ही वैद्यकीय शिक्षण विभागाची रुग्णालये आहेत. डागा स्मृती रुग्णालय आणि ग्रामीण रुग्णालये सार्वजनिक आरोग्य विभागाकडे येतात. मिहानमधील एम्स केंद्र सरकारचे आहे, त्यामुळे तिथल्या कारभाराबद्दल राज्याच्या मंत्र्यांना प्रश्न विचारता येत नाही. रस्त्यांचेही तसेच आहे. राष्ट्रीय महामार्ग केंद्राच्या अखत्यारीत, राज्य मार्ग सार्वजनिक बांधकाम विभागाकडे, जिल्हा परिषदेचे ग्रामीण रस्ते ग्रामविकासाकडे, आणि महापालिकेचे व नागपूर सुधार प्रन्यासाचे रस्ते नगरविकास विभागाकडे. “नागपुरातील रस्त्यांची दुरवस्था” असा एकच प्रश्न लिहिला, तर तो कोणाकडे पाठवायचा हे सचिवालयालाही सांगता येणार नाही.

गोसीखुर्द सिंचन प्रकल्पाचे उदाहरण घ्या. प्रकल्पाची पायाभरणी १९८८ मध्ये झाली आणि भिवापूर व कुही तालुक्यांतल्या गावांना पुनर्वसनाच्या अडचणी अजूनही सोसाव्या लागतात. कालव्यांची कामे जलसंपदा विभागाच्या, म्हणजे विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या कक्षेत येतात. पुनर्वसित गावठाणातील नागरी सुविधांचा प्रश्न मदत व पुनर्वसन विभागापर्यंत जातो, आणि गावठाण ग्रामपंचायतीकडे हस्तांतरित झाल्यावर पुढची देखभाल ग्रामविकासाच्या कक्षेत येते. म्हणून आधी एकच गोष्ट विचारावी : हस्तांतरण झाले आहे का? या एका माहितीवर प्रश्नाचा पत्ता ठरतो.

एका दुर्गम तालुक्यातील आश्रमशाळेच्या वसतिगृहाचा प्रश्न मी एकदा घाईत चुकीच्या विभागाच्या नावे लिहून दिला होता. आदिवासी विकास विभागाच्या आश्रमशाळा वेगळ्या, आणि विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या आश्रमशाळा वेगळ्या विभागाकडे, हे मला माहीत होते, तरीही मी शाळेची मान्यता तपासली नव्हती. सूचना एका विभागाकडून दुसऱ्याकडे गेली, त्या विभागासाठी ठरलेला दिवस निघून गेला, आणि मुलींनी थंडीत आणखी एक हंगाम तशाच खोल्यांत काढला. ती चूक सर्वस्वी माझी होती. तेव्हापासून मसुद्याच्या आधी मान्यतेचा किंवा मंजुरीचा कागद पाहिल्याशिवाय मी विभागाचे नाव लिहीत नाही.

तपासणी : या बाबीसाठी निधी कोणत्या विभागाच्या अर्थसंकल्पी मागणीतून जातो? त्याच विभागाचे मंत्री उत्तर देणार, असे बहुधा समजून चालावे.

सावधान : नवे सरकार आले असेल, तर खातेवाटप झाले आहे का हे पाहावे. २०२४ मध्ये १५ डिसेंबरला नागपूरच्या राजभवनात मंत्र्यांचा शपथविधी झाला, १६ ते २१ डिसेंबर या काळात अधिवेशन भरले, आणि खातेवाटप जाहीर झाले ते २१ तारखेला. अशा अधिवेशनात खात्याच्या मंत्र्याकडून नेमके उत्तर मिळण्याची आशा धरता येत नाही.

## टप्पा ४ : कोणते आयुध वापरायचे ते ठरवा

संसदीय आयुधे, म्हणजे सभागृहात विषय मांडण्याचे नियमातील मार्ग, अनेक आहेत, पण प्रत्येकाचे काम वेगळे आहे. चुकीचे आयुध निवडल्यामुळे चांगला विषय वाया गेल्याची उदाहरणे मसुद्यातील चुकांपेक्षा कमी नाहीत.

तारांकित प्रश्न : मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यावे आणि आपल्याला उपप्रश्न विचारता यावेत, असे वाटत असेल तेव्हा. मुदत सर्वांत आधी संपते ती याचीच. यादीत खाली लागलेला प्रश्न प्रश्नोत्तराच्या तासात पुकारला जात नाही आणि त्याचे उत्तर केवळ छापील राहते.

अतारांकित प्रश्न : आकडे, याद्या, तालुकावार तक्ते हवे असतील तेव्हा. नवे सदस्य याला दुय्यम समजतात, पण माझ्या मते अभ्यासू आमदाराचे खरे काम इथे होते. तालुकानिहाय रिक्त पदांचा तक्ता तोंडी उत्तरात कधीच नीट मिळत नाही. लेखी उत्तरात तो मिळतो, आणि पुढच्या अधिवेशनातील तारांकित प्रश्नाचा पाया होतो.

अल्पसूचना प्रश्न : बाब तातडीची असेल आणि संबंधित मंत्री कमी मुदतीत उत्तर द्यायला तयार असतील तेव्हाच.

लक्षवेधी सूचना : तातडीच्या बाबीकडे मंत्र्यांचे लक्ष वेधून त्यांचे निवेदन मागण्यासाठी, विधानसभेत नियम १०५ अन्वये, विधान परिषदेत नियम १०१ अन्वये. अधिवेशन सुरू असताना देता येत असल्याने आमदार निवासात उशिरा आलेल्या माणसासाठी हा खरा मार्ग आहे. मात्र सूचना शेकड्यांनी येतात आणि सभागृहात थोड्याच घेतल्या जातात. अलीकडची घटना, सार्वजनिक महत्त्व आणि तातडी या तीन गोष्टी पहिल्या परिच्छेदातच दिसल्या पाहिजेत.

अर्धा तास चर्चा : आधी दिलेल्या उत्तरातून उरलेली बाब खोलात नेण्यासाठी, विधानसभेत नियम ९४ अन्वये.

औचित्याचा मुद्दा : बाब सभागृहाच्या नोंदीत आणण्यासाठी. त्यावर मंत्र्यांचे उत्तर लगेच मिळेल असे गृहीत धरू नये. “साहेबांनी विषय मांडला” एवढ्यावर मतदारांचे समाधान करायचे असेल, तर ते सोपे आहे. उत्तर हवे असेल, तर दुसरे आयुध शोधावे.

याशिवाय हिवाळी अधिवेशनात पुरवणी मागण्या, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चाच्या मागण्या, येतात. ज्या विभागाची मागणी चर्चेला आहे, त्या चर्चेत आपली बाब दोन मिनिटांत मांडता येते आणि मंत्री उत्तराच्या भाषणात तिचा उल्लेख करू शकतात. प्रश्न लागला नाही म्हणून हातावर हात धरून बसलेल्या सदस्यांनी या वाटेचा उपयोग करावा.

विषय घेऊन येणाऱ्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. आपल्याच मतदारसंघाच्या आमदाराकडे जावे असे बंधन नाही. विधानसभेत २८८ सदस्य आहेत आणि विधान परिषदेत ७८. परिषदेत पदवीधर व शिक्षक मतदारसंघांतून निवडून आलेले सदस्यही असतात. शाळांतील मान्यता, अनुदानाचे टप्पे किंवा थकीत वेतन यांवर नागपूर विभागाच्या शिक्षक मतदारसंघातील सदस्याकडे गेल्यास समजावून सांगण्यातला निम्मा वेळ वाचतो.

## टप्पा ५ : मसुदा लिहा

तारांकित प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. “सन्माननीय अमुक मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय” या वाक्यानंतर क्रमांकित उपभाग येतात : पहिल्यात वस्तुस्थिती आणि “हे खरे आहे काय”, मग “असल्यास” ने सुरू होणारे दोन-तीन भाग, आणि शेवटी “नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत”. साचा जुना असला तरी उपयोगाचा आहे, पण त्यात काय भरायचे यावर सर्व अवलंबून आहे.

पुढील मसुदा पाहा. असे मसुदे दरवर्षी डझनांनी येतात.

“नागपूर शहरात प्रशासनाच्या ढिसाळ व भ्रष्ट कारभारामुळे दरवर्षी पूर येऊन नागरिकांचे अतोनात हाल होत आहेत, हे खरे आहे काय, असल्यास, दोषी अधिकाऱ्यांवर शासन कठोर कारवाई करणार काय?”

यात तारीख नाही, ठिकाण नाही. “ढिसाळ व भ्रष्ट” हा निष्कर्ष आहे, आणि प्रश्नात निष्कर्ष, आरोप, उपरोध किंवा मतप्रदर्शन असले की तो स्वीकृत होण्यात अडथळा येतो. स्वीकृत झालाच, तर उत्तर ठरलेले : “हे खरे नाही.” पुढच्या भागांना “प्रश्न उद्भवत नाही.” दोन ओळींत विषय संपला.

तीच बाब अशी लिहिता येते :

(१) दिनांक २३ सप्टेंबर २०२३ रोजी नागपूर शहरात झालेल्या अतिवृष्टीत अंबाझरी तलाव ओसंडून वाहिल्याने लगतच्या वस्त्यांतील घरांमध्ये पाणी शिरले, हे खरे आहे काय,

(२) असल्यास, सदर वस्त्यांतील किती कुटुंबांच्या नुकसानीचे पंचनामे करण्यात आले व त्यांपैकी किती कुटुंबांना प्रत्यक्ष मदत अदा करण्यात आली,

(३) पंचनामा होऊनही मदत न मिळालेल्या कुटुंबांची संख्या किती व त्याची कारणे काय,

(४) उर्वरित कुटुंबांना मदत अदा करण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे,

(५) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

पहिला भाग मंत्र्यांना नाकारता येत नाही, कारण तो सर्वांना ठाऊक आहे. हेच या मसुद्याचे मर्म आहे : पहिल्या भागात वाद घालू नये. तिथे “हे खरे आहे” असे उत्तर आले की पुढचे सर्व भाग जिवंत राहतात. वादाचा मुद्दा दुसऱ्या-तिसऱ्या भागात, आकड्यांच्या रूपाने ठेवावा. तिसऱ्या भागाची सुरुवात “असल्यास” ने केलेली नाही, हेही पाहावे. प्रत्येक भाग मागच्या भागावर टांगला, तर एक दोरा तुटताच सर्व खाली येतात.

“माहे ऑक्टोबरमध्ये वा त्यादरम्यान निदर्शनास आले” हा शब्दप्रयोग मसुद्यांत सर्रास वापरला जातो. घटनेची तारीख खरोखरच माहीत नसेल, तर तो वापरायला हरकत नाही. तारीख हातात असताना मात्र तो वापरू नये, कारण आपणच केलेल्या मोघमपणाचा फायदा उत्तर लिहिणाऱ्या कक्ष अधिकाऱ्याला मिळतो.

प्रश्न स्वीकृत न होण्याची आणखी काही नेहमीची कारणे सांगतो. बाब राज्य शासनाच्या अखत्यारीतील नसणे. एखाद्या व्यक्तीच्या खासगी वर्तनावर टीका असणे. काल्पनिक स्थितीवर मत विचारणे. बाब न्यायप्रविष्ट, म्हणजे न्यायालयापुढे प्रलंबित, असणे. शेवटचे कारण नागपूरच्या विषयांत वारंवार आडवे येते, कारण उच्च न्यायालयाचे खंडपीठ इथेच आहे आणि शहराचे अनेक प्रश्न जनहित याचिकांच्या रूपाने तिथे पोहोचतात. अंबाझरीच्या पुराबाबतही याचिका दाखल झाली. म्हणून वरच्या मसुद्यात तलावाचा सांडवा, बांधकामे आणि जबाबदारी यांना हात लावलेला नाही. मदतवाटपापुरता प्रश्न मर्यादित ठेवला आहे. न्यायालयापुढे नेमका कोणता मुद्दा आहे हे वकिलांकडून समजून घेतले, तर त्याच्या बाहेरची बरीच जागा मोकळी सापडते. “न्यायप्रविष्ट आहे” एवढे ऐकून विषय सोडून देणे हीही एक चूकच आहे.

तपासणी : मसुद्यातील प्रत्येक विशेषण खोडून पाहावे. अर्थ बदलत नसेल, तर ते खोडलेलेच ठेवावे. नंतर प्रत्येक उपभागाला “हे खरे नाही” असे उत्तर स्वतःच लिहून पाहावे. तसे उत्तर देणे सोपे वाटले, तर तो भाग पुन्हा लिहावा.

## टप्पा ६ : सूचना दाखल करा

अधिवेशनाच्या तारखा जाहीर झाल्यावर विधानमंडळ सचिवालय प्रश्न स्वीकारण्याचे वेळापत्रक आणि विभागांनुसार दिवसांची वाटणी सदस्यांना कळवते. ते परिपत्रक आमदारांच्या टपालात पडून राहते आणि मुदत निघून जाते, असे दुर्दैवाने घडते. ते आले की त्याच दिवशी भिंतीवर लावावे. सूचना सदस्याच्या नावे आणि त्यांच्या संमतीनेच जावी. सूचना दाखल करण्याच्या ऑनलाइन प्रणालीचा परवलीचा शब्द कार्यालयातील चार जणांना ठाऊक असणे धोक्याचे आहे.

नागपूरचे अधिवेशन छोटे असते. २०२३ मध्ये ते ७ ते २० डिसेंबर असे चालले, तर २०२४ मध्ये सहाच दिवस. त्यामुळे ज्या विभागाचा वार एकदाच येणार आहे, त्या विभागाचा आपला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आधी द्यावा. वीस प्रश्न एकाच तोलाचे मानून पाठवणाऱ्याला यादीत कोणता वर यावा हे ठरवता येत नाही.

सावधान : मंत्र्यांचे उत्तर सभागृहात येण्यापूर्वी ते माध्यमांना देऊ नये. तो सभागृहाच्या विशेषाधिकाराचा विषय होऊ शकतो.

## टप्पा ७ : सभागृहात उपप्रश्न विचारा

छापील उत्तर हाती आल्यावर तयारीला फार वेळ मिळत नाही, म्हणून उपप्रश्न आधीच तीन शक्यतांसाठी लिहून ठेवावेत : उत्तर “होय” आले तर, “नाही” आले तर, आणि “अंशतः खरे आहे” असे आले तर. तिसरे उत्तर सर्वाधिक वेळा येते आणि त्यावरच सर्वांत कमी तयारी झालेली असते. त्यावर पहिला उपप्रश्न एकच असावा : “अध्यक्ष महोदय, कोणता अंश खरा आहे आणि कोणता नाही, हे मंत्री महोदय सांगतील काय?” परिषदेत हेच संबोधन “सभापती महोदय” असे होईल. या साध्या वाक्याने उत्तरातील झाकलेला भाग उघडा पडतो.

उपप्रश्न म्हणजे भाषण नव्हे. प्रस्तावना करण्यात एक मिनिट गेले की पीठासीन अधिकारी, म्हणजे सभागृह चालवणारे अध्यक्ष किंवा सभापती, “प्रश्न विचारा” असे म्हणतात आणि सदस्याची लय तुटते. एका उपप्रश्नात एकच विचारणा असावी. तीन विचारल्या, तर मंत्री सोयीची एक निवडतात आणि उरलेल्या दोन नोंदीतून नाहीशा होतात. मंत्री बोलत असताना अधिकारी दीर्घेतून, म्हणजे सभागृहातील अधिकाऱ्यांच्या कक्षातून, त्यांच्याकडे चिठ्ठ्या जात असतात. चिठ्ठीनंतर दिलेला आकडा छापील उत्तराशी जुळत नसेल, तर तिथेच, शांतपणे, दोन्ही आकडे वाचून दाखवावेत. आवाज चढवण्याची गरज नसते. फरक नोंदीत आला की काम झाले.

मंत्र्यांच्या उत्तराचा शेवट बहुधा “तपासून घेऊ”, “सकारात्मक विचार करू” किंवा “बैठक लावू” असा होतो. तेवढ्यावर आभार मानून खाली बसणे ही नव्या सदस्यांची सर्वांत महागडी चूक आहे. शेवटचा उपप्रश्न यासाठीच राखून ठेवावा : चौकशी कोण करणार, किती दिवसांत, आणि अहवाल सभागृहाच्या पटलावर ठेवणार काय? या तिन्हींपैकी दोन गोष्टी मिळाल्या, तरी प्रश्न सार्थकी लागला असे मी मानतो. उत्तर अगदीच अपुरे असेल, तर प्रश्न राखून ठेवण्याची, म्हणजे उत्तरासाठी पुन्हा घेण्याची, विनंती पीठासीन अधिकाऱ्यांना करता येते. ती नम्रपणे आणि कारणासह करावी.

एक गोष्ट आवर्जून सांगतो. मेळघाटातील बालमृत्यू, ब्रह्मपुरीतील वाघाच्या हल्ल्यात गेलेला गुराखी, यवतमाळमधील शेतकऱ्याची आत्महत्या असे विषय असतात तेव्हा सभागृहात गोंधळ होऊन कामकाज तहकूब होण्याचा धोका असतो. त्या गोंधळात उत्तर न मिळालेला प्रश्न त्या कुटुंबासाठी न विचारल्यासारखाच राहतो. अशा दिवशी आपल्या पक्षाच्या सहकाऱ्यांना आधीच भेटून या प्रश्नापुरती शांतता ठेवण्याची विनंती करावी. बहुतेक जण ती मानतात.

## टप्पा ८ : उत्तरानंतरची नोंदवही

यशवंत स्टेडियमहून निघणारे मोर्चे थांबतात, सचिवालयाच्या फाइली मुंबईला परततात, आणि नागपूरचे विधान भवन पुन्हा शांत होते. बहुतेक प्रश्न याच काळात हरवतात.

प्रथम, असंपादित कार्यवाहीची प्रत घेऊन मंत्र्यांचे नेमके शब्द एका वहीत उतरवावेत : तारीख, प्रश्न क्रमांक, आश्वासनाचे वाक्य, मुदत. आठवणीवर विसंबू नये. “महिनाभरात” आणि “शक्य तितक्या लवकर” यांत फरक आहे आणि नंतर सर्वांना पहिलेच ऐकल्यासारखे वाटते.

दुसरे, आठवडाभरात त्या वाक्याचा हवाला देऊन विभागाच्या सचिवांना आणि जिल्हाधिकाऱ्यांना सदस्याच्या सहीचे पत्र पाठवावे. सभागृहात काय घडले हे जिल्ह्याच्या कार्यालयापर्यंत आपोआप पोहोचते असे समजू नये.

तिसरे, मंत्र्यांनी दिलेल्या आश्वासनांची पूर्तता पाहण्यासाठी विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. आपल्या प्रश्नावरील वाक्य आश्वासन म्हणून नोंदले गेले आहे का, हे सचिवालयात विचारावे, आणि नसेल तर समितीच्या निदर्शनास आणून द्यावे. सार्वजनिक हिताची बाब वर्षानुवर्षे रखडली असेल, तर सदस्यामार्फत विनंती अर्ज समितीकडे जाण्याचाही मार्ग आहे.

चौथे, ज्या माणसाने विषय आणला त्याला उत्तराची प्रत द्यावी आणि तिचा अर्थ साध्या शब्दांत समजावून सांगावा. मदत मिळाली की नाही, वर्गखोलीला पत्रे बसले की नाही, कालव्याला पाणी आले की नाही, हे त्यालाच आधी कळते. त्याच्याकडून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात एक फोन यावा असे ठरवून घ्यावे. तोपर्यंत काही घडले नसेल, तर वहीतील वाक्य, पाठवलेल्या पत्राची पोचपावती आणि त्याने सांगितलेली सद्यःस्थिती असे तीन कागद एकत्र लावून मुंबईतील अर्थसंकल्पी अधिवेशनासाठी नवी सूचना तयार करावी, आणि तिच्या पहिल्या उपभागात मंत्र्यांनी नागपुरात दिलेले उत्तर तारखेसह लिहावे.